पडद्यावरची पाठ

काउंटरवरच्या छोट्या टीव्हीत एक बाई पाठमोरी उभी होती आणि यशोधराला ती पाहताक्षणीच आवडली नाही. खांदे पुढे आलेले, अंबाडा एका बाजूला कललेला. एवढ्या मोठ्या दुकानात पैसे देऊन खरेदी करायला आलेली, पण आल्याबद्दल माफी मागावी तशी उभी. मग यशोधराने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि त्या बाईनेही घेतली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. नगरच्या कापड बाजारातल्या या पीतांबर वस्त्रभांडारात कॅमेरे बसवलेत, हे तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मैत्रिणींकडून ऐकलं होतं. मुंबईहून माणूस येऊन बसवून गेला म्हणे. पण ऐकणं वेगळं आणि आपलीच पाठ अशी समोर येणं वेगळं. आरशात आपण नेहमी तयारीने जातो, चेहरा नीट करून. ही पाठ मात्र कुणाला न सांगता इतकी वर्षं आपल्यामागून हिंडत होती, आणि सगळ्या जगाने ती पाहिली होती, आपण सोडून. ती अंबाडा सारखा करत दाराकडे वळली, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ओ बाई, जरा थांबा."

हाक मारणारा दुकानाचा व्यवस्थापक होता, श्रीमंत नावाचा. कपाळाला टिळा, खिशाला पेन. "पर्स दाखवा," तो म्हणाला. "ब्लाऊजपीस उचलताना दिसलंय टीव्हीवर." तिला आधी वाटलं, तो दुसऱ्या कुणाशी बोलतोय. तिने मागे वळूनही पाहिलं. मागे साड्या पाहणाऱ्या बायका होत्या आणि त्या सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. मग पर्स गादीवर उलटी झाली: जेवणाचा डबा, रुमाल, एक्स्चेंजचं ओळखपत्र, खोकल्याच्या गोळ्या, कंगवा. कंगव्यात अडकलेले केस पाहून तिला पर्सपेक्षाही त्या केसांची लाज वाटली. कापड निघालं नाही. "नाव काय? पूर्ण सांगा." तिने सांगितलं, यशोधरा चेतन साळवे. आडनावानंतर श्रीमंतची मान जरा हलली, जणू हिशेब जुळला. त्याने दुकानातल्या एका कामवालीला खूण केली. त्या बाईने यशोधराला पडद्याआड नेलं, कमरेवरून, पोटावरून हात फिरवला, निऱ्या चाचपल्या. तिचे हात थंड होते आणि ती पुटपुटत होती, "मला सांगितलंय म्हून करती बाई, मनावर घिऊ नका." बाहेर आल्यावर श्रीमंत म्हणाला, "जा. कुठं टाकलं कुनाला ठावं. पन टेपात आलंय."

पायऱ्यांखाली तिचा नवरा चेतन स्कूटर चालू करून उभा होता. दोघं बरोबरच दुकानात शिरले होते. तो शर्टांकडे वळला होता, ती ब्लाऊजपीसांकडे. "कुठे होतात?" "गाडी काढायला आलो होतो. इथे उभी करू देत नाहीत."  सावेडीला घरी पोचल्यावर, चहाचं आधण ठेवताना, तिने सगळं सांगितलं. ऐकताना चेतन वर्तमानपत्राची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "आडनाव विचारलं का?"

एक्स्चेंजमध्ये ती चौकशीच्या टेबलावर बसायची. लोक फोन करून नंबर विचारत, ती सांगे. आवाजाची नोकरी होती ती. नगरमधल्या कित्येक दुकानदारांना, डॉक्टरांना तिचा आवाज ओळखीचा होता आणि त्यातल्या एकालाही तिचं तोंड माहीत नव्हतं. तिला ते बरं वाटायचं. आवाजाला पाठ नसते, आडनाव नसतं. पण दुसऱ्या दिवशी कानावर हेडफोन चढवल्यापासून तिला आपलाच आवाज वरून कुठूनतरी ऐकू येऊ लागला. समोरचा नंबर विचारी आणि तिला वाटे, हा त्या बायकांपैकी कुणाचा नवरा असेल का. आणि या सगळ्याच्या खाली, तळाशी, एक बारीक, ओंगळ शंका वळवळत होती. टेपात आलंय, असं तो माणूस इतक्या खात्रीने म्हणाला होता. माणूस खोटं बोलेल, यंत्र कशाला बोलेल? आपल्या हाताने काही केलं असेल आणि आपल्याला कळलंच नसेल तर? ती तो क्षण आठवायला बसे. मोतिया रंगाचा पीस होता, मऊ, बोटांतून सुळकन निसटणारा. हातात घेतला होता, ते आठवत होतं. ठेवला कधी? तिथे आठवणीत एक भोक होतं, बाकी काही नव्हतं. ती टेबलाखाली पर्स उघडून बघे. डबा बाजूला करून बघे. आतल्या चोरकप्प्यात बोटं घालून बघे. काही नसे, आणि तरी थोड्या वेळाने पुन्हा हात पर्सकडे जाई.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ती रांगेत उभी राहिली, आणि आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंतलेत हे तिच्या ध्यानात आलं. असं तिचे वडील उभे राहायचे. रंभाजी नाव त्यांचं. नेवाशाच्या बाजूला प्रवरेकाठी त्यांचं गाव, साखर कारखान्यात कामाला. छप्पन्न साली ऐन जवानीत दीक्षा घेऊन आले आणि गावकीची कामं त्यांनी एका दिवसात सोडली. मार खाल्ला, पण पुन्हा मेलेल्या ढोराला हात लावला नाही. असा हा ताठ माणूस वाण्याच्या दुकानात मात्र हात मागे बांधून उभा राहायचा. छोट्या यशोधराने एकदा गुळाच्या ढेपेवर बोट टेकवलं, तर त्यांनी तिचं मनगट इतकं आवळलं की वळ उठला. वाटेत ती रडत म्हणाली, "आपण तर बौद्ध झालो ना आबा?" ते चालता चालता म्हणाले, "आपुन धर्म बदालला, पोरी. दुकानदारानं न्हाई." तिला तेव्हा त्यांचा राग आला होता. शिकल्यावर, नोकरी लागल्यावर, पहिल्या पगारात ती मुद्दाम मोठ्या दुकानात गेली होती आणि कापडाचं ठाण न् ठाण हाताळून आली होती, एकही न घेता. हात मागे बांधायचे नाहीत, हे तिने स्वतःशी ठरवलेलं व्रत होतं. आणि आता किराणावाला विचारत होता, "काय देऊ ताई?" आणि तिला हात पुढे आणायला जड जात होतं.

ती पुन्हा त्या दुकानात गेली, एकटीच. मालक आप्पासाहेब गादीवर होते. पांढरी टोपी, गळ्यात बारीक साखळी, बोलणं गोड. "या बाई, बसा. काय दाखवू?"

"टेप दाखवा."

त्यांना आधी कळलं नाही. मग श्रीमंतने कानाशी लागून सांगितलं, आणि चेहऱ्यावरचं गिऱ्हाइकासाठीचं हसू तिच्या डोळ्यांदेखत विझलं. "ते काय दाखवायचं असतंय व्हय? दुकानाची खासगी गोष्ट हाय ती."

"माझं तोंड आहे त्यात."

"तोंड तुमचं आसंल. कॅमेरा आमचा हाय."

"मग पोलिसात तक्रार द्या माझ्यावर. तिथे तरी दाखवावी लागेल."

"हे बघा, उगं वाढवू नका. आमी सोडून दिलं ना तुमाला?"

सोडून दिलं. हा शब्द तिच्या कानात अडकला. सोडून चोराला देतात. ती उठून निघाली, आणि आपली पाठ आता वरच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून दिसत असणार, याची तिला जाणीव होती. दारात श्रीमंत जवळजवळ मायेनेच म्हणाला, "जाऊ द्या बाई. तशीबी ऱ्हात न्हाई ती. आठवड्यानं त्याच कॅसेटीवर पुन्यांदा भरतंय सगळं."

हे तिला सगळ्यात भयंकर वाटलं. टेप आहे तोवर निदान कुठेतरी खरं काय ते आहे. ती पुसली की राहील फक्त श्रीमंतचा शब्द आणि त्या बायकांच्या नजरा. आणि आपल्या आठवणीतलं ते भोक. तिला दिसू लागलं, तिच्या अंगावरून कुणाचातरी लग्नाचा बस्ता भरला जातोय, नवरीची आई, मावश्या, ढीगभर शालू, आणि खाली ती, पीस हातात धरलेली, ठेवण्याआधीच पुसली गेलेली. चेतन म्हणाला, "जाऊ दे ना. काही सापडलं नाही ना? संपलं." ती म्हणाली, "संपलं नाही. सुरूच झालेलं नाही अजून." तो म्हणाला, "मी बँकेत आहे. रोज ही माणसं काउंटरला येतात. आपल्याला याच गावात राहायचंय, यशोधरा." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण सांगताना तो तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघत होता.

जुन्या कोर्टाजवळ पुष्पावती वाघमारे नावाच्या वकीलबाई बसत. पोक्त बाई, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलण्यात आडपडदा नाही. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "स्पष्ट सांगते. तुमचं चित्र आहे म्हणून ते तुमच्या हातात द्या, असा कायदा आपल्याकडे नाही. मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, इथवर तुम्ही काही करू शकत नाही."

यशोधराने विचारलं, "मग?"

"मग दुसऱ्या दाराने जायचं. त्यांनी तुम्हाला अडवलं, तो हक्क त्यांना कुणी दिला? झडती घेतली. झडती पोलिसांनी घ्यायची, तीही कायद्याने. चारचौघांत चोर ठरवलं, ही बदनामी. याची फिर्याद होते. आणि फिर्याद उभी राहिली की कॅसेट हजर करा, असं कोर्ट त्यांना सांगू शकतं. तेव्हा ती त्यांची खासगी गोष्ट राहत नाही. पुरावा होते."

"तोवर पुसली तर?"

"म्हणून आजच नोटीस. कॅसेट जशीच्या तशी जपून ठेवा, असं लिहू. त्यानंतरही पुसली, तर का पुसली ते त्यांना सांगावं लागेल, आणि कोर्ट काय समजायचं ते समजेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण कॅसेटीत काय आहे, ते तुम्हाला माहीत आहे ना?"

यशोधराचा हात पर्सकडे गेला. इतका साधा प्रश्न, आणि त्याचं साधं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. "मी घेतलं नाही," ती शेवटी म्हणाली, आणि आपला आवाज तिला एक्स्चेंजमधल्या आवाजासारखा वाटला, दुसऱ्या कुणाचा नंबर सांगणारा.

"बरं. साक्षीदार? तुमच्या बाजूने पाहिलेलं कुणी?"

"कुणी नाही. मिस्टर बाहेर होते."

नोटीस गेली आणि वाट पाहणं सुरू झालं. त्या दिवसांत तिला कुठेही नीट उभं राहता येईना. बसथांब्यावर, जिन्यात, न्हाणीघरातसुद्धा वरच्या कोपऱ्याकडे डोळे जात. चालताना ती खांदे मागे खेचून चाले आणि घरी आल्यावर मान दुखे. एक्स्चेंजमध्ये ती आली की दोघीतिघींचं बोलणं तुटायचं, किंवा तिला तसं वाटायचं. यातलं काय खरं, हे सांगणारी टेप तिथे नव्हती. आणि एक विचार ती कुणालाच सांगू शकत नव्हती: टेप पुसली गेली असेल तर बरं होईल, असं तिला मधूनच वाटे. कारण ती लावली आणि त्यात ती बाई, ती कललेल्या अंबाड्याची बाई, खरंच पीस पर्समध्ये टाकताना दिसली, तर त्यानंतर स्वतःशी कोणत्या आवाजात बोलायचं?

आप्पासाहेबांचा निरोप वकीलबाईंकडे आला. त्यांच्या वकिलाने त्यांना काय सांगायचं ते सांगितलं असावं. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, येऊन बघून जा. चेतनला तिने चला म्हटलं. बँकेत काम आहे, म्हणाला.

शटर अर्धं खाली ओढलेलं होतं, तिला आणि वकीलबाईंना वाकून आत जावं लागलं. दिवे बंद असल्यामुळे कापडांचा वास जास्त येत होता, खळीचा, नव्या सुताचा. आप्पासाहेबांनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि श्रीमंत यंत्रापाशी वाकला होता. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग दुकान आलं, काळं-पांढरं, वरून पाहिलेलं. माणसं सलग चालत नव्हती, उड्या मारल्यासारखी इथून तिथे जात होती. आणि ती आली. ती ब्लाऊजपीसांच्या ढिगापाशी थांबली. यशोधराने खुर्चीचे हात घट्ट धरले. पडद्यावरच्या बाईने पर्स उघडली, पांढरं काहीतरी बाहेर काढलं, आणि दोन्ही हात पुसले. तळवे, मग एकेक बोट, मग नखं. सावकाश, मन लावून, जेवायला बसण्याआधी पुसावेत तसे. पांढरं ते पर्समध्ये गेलं. मग कुठे तिने पीस उचलला, बोटांत धरला, आणि जागेवर ठेवून दिला.

"रुमाल," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "मागे घ्या. पुन्हा दाखवा." श्रीमंतने पुन्हा दाखवलं. रुमालच होता. त्याचा चेहरा उतरला. "ह्या यवढ्याश्या टीव्हीत कळलं न्हाई हो," तो म्हणाला.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण यशोधरा त्या हातांकडे बघत राहिली. आपण असं करतो? दर वेळी? तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आठवली ती आई, बनाबाई. बांगड्यांच्या दुकानापाशी, भांड्यांच्या दुकानापाशी, वस्तूला हात लावण्याआधी आई पदराने हात पुसायची, अशीच, बोटाबोटाने. दुकानदाराने मळलं म्हणू नये म्हणून. यशोधराला वाटत होतं की तिने वडिलांचे बांधलेले हात सोडवलेत. सोडवले होतेही. आईचे मात्र तिच्या नकळत तिच्या मनगटापुढे येऊन बसले होते, आणि त्यांनीच तिला चोर ठरवलं होतं.

टेप पुढे चालू होती, कुणी थांबवली नव्हती. श्रीमंत दाराशी तिला अडवताना दिसला. पर्स उलटी होताना दिसली. आणि पडद्याच्या कडेला, शर्टांच्या कपाटापाशी, चेतन उभा होता. त्याच्या हातात उघडलेला शर्ट होता. तो बघत होता. पर्समधून एकेक वस्तू निघताना तो बघत होता, नाव विचारलं तेव्हाही बघत होता. मग त्याने शर्ट काळजीपूर्वक खाली ठेवला, आणि पुढच्या उडीत तो दारापाशी होता, आणि त्याच्या पुढच्या उडीत दारात कुणीच नव्हतं.

श्रीमंतने यंत्र बंद केलं. मग आप्पासाहेबांनी घसा खाकरला. "आमच्या माणसाची चूक झाली, बाई. माफी मागतो. मिटवून टाका." थोडं थांबून, खालच्या आवाजात, "कोर्टात लावली तर सगळीच दिसंल. मिस्टरांसकट."

पुष्पावतीबाई तिच्याकडे पाहत होत्या, पण सुचवत काहीच नव्हत्या. यशोधराला खूप दमल्यासारखं झालं. तिने जे मागितलं होतं ते तिला मिळालं होतं, आणि जे मागितलं नव्हतं तेही. टेपेवर फक्त आपण असू, असं तिने धरूनच ठेवलं होतं. हो म्हणावं आणि वाकून शटरखालून बाहेर पडावं, एवढं सोपं होतं. तिने तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार, हे तिला माहीत नव्हतं.

"झडती घेतलीत ती दुकान भरलेलं असताना," ती म्हणाली. "माफी मागताय ती शटर पाडून."

"मग काय करायचं म्हनता?"

"टेप ठेवा जपून. कोर्टात लावू."

ती घरी आली तेव्हा चेतन आधीच आलेला होता. बँकेतलं काम लवकर संपलं असावं, किंवा नसावंच. तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता, समोर न प्यालेला चहा. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली.  तिला त्याचा राग यायला हवा होता. पण मनात येत होतं ते एकच, शर्ट त्याने किती नीट ठेवला होता, घडी न मोडता.

"मी काही घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "दिसलं त्यात. हात पुसत होते."

"आणि?"

"आणि तुम्ही."

चहावर साय धरली होती. त्याने चमच्याने ती कडेला ओढली, पुन्हा ओढली. "पुढे यावंसं वाटत होतं," तो म्हणाला. "पाय निघाले ते दुसरीकडेच. आपलं आडनाव ऐकलं, आणि सगळे वळून बघायला लागले, आणि..." तो थांबला. मग जे बोलला, ते बोलण्यासाठी त्याला ओट्याची कड धरावी लागली. "क्षणभर वाटलं, घेतलं असशील तू."

यशोधरा खाली बसली, पाटावर. हे लागलं, खोल लागलं, पण परकं लागलं नाही. तेच तर तिलाही वाटलं होतं, कितीतरी दिवस, टेबलाखाली पर्स चाचपताना. एका दुकानातल्या माणसाने दोघांना एकच शंका दिली होती आणि दोघांनी ती एकमेकांपासून लपवून ठेवली होती. तिने त्याला हे सांगितलं नाही. आज तरी सांगणार नव्हती. आज हे त्याचं त्याला पेलू दे, असं तिला वाटलं.

"कोर्टात दाखवणार ती?"

"हो."

"सगळी?"

"जेवढी आहे तेवढी."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती पटकन चालू होईना. चेतनने चहा मोरीत ओतला. मग म्हणाला, "साक्षीदार लागतो ना?"

"लागतो."

"झडती घेताना पाहिलेला."

"हो."

"काय विचारतात?"

"पहिल्यांदा हेच विचारतील," ती म्हणाली. "त्या वेळी तुम्ही कुठे होता?"

तो ओट्याकडे बघत काहीतरी पुटपुटला.  तिने मदत केली नाही. एक्स्चेंजमध्ये फोनवर अडखळणाऱ्या माणसाला ती एरवी लगेच सावरून घ्यायची, तसं केलं नाही.

"आत," तो म्हणाला. "शर्टांच्या कपाटापाशी."

"ऐकू आलं नाही."

"मी दुकानात होतो. शर्टांच्या कपाटापाशी उभा होतो. मला सगळं दिसत होतं."

"अजून जरा मोठ्याने," यशोधरा म्हणाली. "तिथे पुष्कळ लोक असतील."